आगरकरांची पुरचुंडी

गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले. ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते, ‘सुधारक’ चालवत होते आणि त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. दम्याने त्यांना कित्येक वर्षं पोखरलं होतं. त्यांच्या मागे एक पुरचुंडी निघाली, तिच्यात स्वतःच्या अंत्यविधीसाठी काढून ठेवलेले २० रुपये होते, अशी आठवण सांगतात. विरोधकांनी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा जिवंतपणीच काढली होती. स्वतःची तिरडी पाहिलेल्या अशा लेखकाने मरणावर चार भारदस्त ओळी लिहून ठेवल्या असत्या तर नवल नव्हतं. त्याने लाकडांची सोय केली.

मरणाविषयी आपण बोलतो भरपूर. कीर्तनात बोलतो, शोकसभेत बोलतो, रिक्षाच्या पाठीवर रंगवतो. ‘आज आहे उद्या नाही’ हे वाक्य तर भाजी घेतानाही निघतं. पण त्याच घरात वडिलांनी मृत्युपत्राचा विषय काढला, की आई ‘तिन्हीसांजेला काय हे अभद्र’ म्हणून दिवा लावायला उठते आणि मुलगा ‘बाबा, तुम्हाला काय धाड भरलीय’ म्हणत मोबाइल उचलतो. मरण सगळ्यांचं असेल तर चर्चेला आपली हरकत नसते. ते बाबांचं झालं की विषय बदलतो.

मरणाची आठवण ठेवली की माणूस नीट जगतो, असा एक सर्वमान्य समज आहे. मला त्याची खात्री वाटत नाही. स्मशानवैराग्य किती टिकतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अग्नी दिला, मंडळी बाहेर टपरीवर चहाला आली, की फ्लॅटचे भाव निघतात. यात ढोंग नाही. तेवढा वेळ आत उभं राहून जे दिसतं ते दिवसभर डोळ्यांसमोर राहिलं, तर संध्याकाळी कुकर कोण लावणार?

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत तर कोविडमुळे मरण घरोघर आलं. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिविरसाठी माणसं रात्र रात्र फोन फिरवत होती. त्यानंतर कुणी नोकरी सोडून गावी गेलं, कुणी भावाशी धरलेला अबोला सोडला. आणि कुणी शेताच्या बांधाचा दावा दुप्पट नेटाने लढायला घेतला, कारण आपल्या हयातीतच निकाल लागला पाहिजे! मरण सगळ्यांनी एकच पाहिलं. मिळतं घेणाऱ्याने आणखी मिळतं घेतलं, भांडणाऱ्याला भांडायची घाई झाली.

अर्नेस्ट बेकर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाचं ‘द डिनायल ऑफ डेथ’ हे पुस्तक १९७३ साली आलं. आपण कीर्ती, वंश, धर्म, राष्ट्र जे काही उभारतो ते मरण विसरण्यासाठी, असा त्याचा रोखठोक दावा. पुस्तकाला पुलित्झर मिळालं, पण तोवर बेकर कर्करोगाने गेला होता. पुढे काही मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना तपासायला घेतली. अॅरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या २२ न्यायाधीशांना त्यांनी वेश्याव्यवसायाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा कागदी खटला दिला आणि जामिनाची रक्कम ठरवायला सांगितली. त्याआधी निम्म्या न्यायाधीशांकडून स्वतःच्या मरणाबद्दल दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. ज्यांना मरणाची आठवण दिली नव्हती त्यांचा जामीन सरासरी ५० डॉलर निघाला. ज्यांना दिली होती, त्यांचा ४५५. हा निष्कर्ष १९८९ साली छापून आला आणि बराच गाजला. अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून याच परंपरेतला दुसरा एक प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यात अपेक्षित परिणाम दिसला नाही. म्हणून मी त्या आकड्यांवर फार भार टाकत नाही. पण मरणाच्या आठवणीने माणूस क्षमाशील होईल हे गृहीत धरायचं कारण नाही, एवढी शंका त्यांनी मनात पेरली ती गेली नाही.

आणि विसरण्याचं काय? आगरकरांच्याच काळात, त्याच फर्ग्युसनमध्ये धोंडो केशव कर्वे गणित शिकवत होते. ते १८५८चे, आगरकरांहून दोनच वर्षांनी लहान. त्यांनी महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने तो निरोपसमारंभाचा नारळ आणि शाल घ्यायचा मुहूर्त. समता संघ काढला १९४४ साली, वय ८६. ते १०४ वर्षं जगले, पण तेवढी वर्षं हाती आहेत हे ८६व्या वर्षी त्यांना कुठून ठाऊक असणार? त्या वयात उठता-बसता मरण आठवणारा माणूस नवी संस्था काढत नाही, असलेली आवरत आणतो. कर्व्यांच्या कामाला मरणाचं थोडं विस्मरण लागलंच असेल. आंब्याची कोय पुरणाऱ्या म्हाताऱ्यालाही ते लागतं.

तेव्हा मरणाने कसं जगावं हे शिकवावं, ही अपेक्षाच मला जास्त वाटते. त्याच्याकडून लहानसं काम करून घ्यावं: मागे राहणाऱ्यांचा घोळ कमी करणं. तेराव्यानंतरचं घर ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. गोदरेजचं कपाट उघडून बसलेले दोघं भाऊ, बिस्किटांच्या जुन्या डब्यात एफडीच्या पावत्या, त्यातली एक मुदत संपून सहा वर्षं झालेली, आणि बँकेचा ओटीपी बाबांच्या लॉक असलेल्या फोनवर. नॉमिनी म्हणून धाकट्याचं नाव आहे, म्हणजे पैसे त्याचेच, असं त्याच्या बायकोला वाटतं. कायद्याने नॉमिनी बहुतेक ठिकाणी नुसता सांभाळणारा असतो, मालकी वारसांची. वास्तविक मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही.

याहून अवघड कागद दुसरा आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग त्यांच्यावर १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांना सांभाळलं. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही. त्यांच्याच खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा केला. मग २०१८मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शुद्धीत असताना पुढच्या उपचारांविषयी लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. त्यासाठी आधी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी पाठपुरावा केला, उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे हे कागद सांभाळणारे अधिकारी महाराष्ट्रात नेमले गेले.

तरी आयसीयूबाहेरच्या बाकांवर चित्र तेच. डॉक्टर ‘व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, ठरवा’ म्हणतात. थोरली मुलगी, जी वर्षभर सेवा करतेय, ती मनातून ‘पुरे’ म्हणत असते, पण तोंडाने म्हणू शकत नाही. न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर असलेला भाऊ ‘पैशाकडे बघू नका, सगळं करा’ म्हणतो. बाबांनी लिहून ठेवलं असतं तर तिला पुढची वीस वर्षं ‘मीच नाही म्हटलं’ हे ओझं वाहावं लागलं नसतं. त्या कागदावर एक जागा असते: मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव. ते नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारायला हवं, आणि बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते.