ठेवीचा धर्म

ठेव कोणाच्या हवाली करावी, हा प्रश्न मानवी व्यवहाराइतकाच जुना आहे. आज त्याने केवळ नवे रूप धारण केले आहे. घरची कागदपत्रे, उत्सवांची छायाचित्रे, कीर्तनांची ध्वनिमुद्रणे, मंडळाचा जमाखर्च हे सारे आता 'क्लाऊड'मध्ये ठेवले जाते. नावावरून ते आकाशात असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते कोणा कंपनीच्या दूरच्या संगणकांत असते. तेव्हा कोणती सेवा पत्करावी हा प्रश्न सोयीचा तसाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

एखाद्या देवस्थानच्या मंडळाचे उदाहरण घ्यावे. कोणाच्या हाती आयफोन, कोणाकडे स्वस्तातला अँड्रॉइड, खजिनदारांच्या मेजावर विंडोजचा संगणक, एखाद्या तरुणाकडे लिनक्स. ॲपलची आयक्लाऊड २०११ साली निघाली. ती ॲपलच्या उपकरणांत सहज मिसळते, विंडोजवरही चालते, परंतु अँड्रॉइडवाल्यास ब्राउझरच्या आडवाटेने जावे लागते. २०१२ साली आलेली गूगल ड्राइव्ह दोन्ही प्रकारच्या मोबाईलवर, विंडोजवर व मॅकवर चालते. लिनक्ससाठी मात्र गूगलने स्वतःचा प्रोग्राम दिलेला नाही. ड्रॉपबॉक्सचा संचार या सर्वांत आहे, पण तिची विनामूल्य जागा अवघी २ जीबी.

निवड करणारा बहुधा आपल्या हातातील यंत्र पाहून निवड करतो. एकट्यापुरती ठेव असेल तर त्यात गैर काही नाही. एकाच कंपनीची उपकरणे एकमेकांशी सुखाने नांदतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो अनेकांच्या वतीने निवडतो, तो मालक नव्हे, विश्वस्त होय. पंगतीत वाढणाऱ्याने शेवटच्या पानाकडे पाहून हात चालवावा. ज्याचे यंत्र सर्वांत साधे, त्यास ठेव उघडता येते की नाही, ही पहिली कसोटी.

दुसरी कसोटी काळाची. मोडीतील कित्येक दप्तरे आजही शाबूत आहेत. पण विसाव्या शतकात ती लिपी शाळांतून गेली, आणि कागद हाती असूनही वाचणारा शोधावा लागतो. फाईलचीही हीच गत होते. म्हणून एकाच कंपनीस उमगणाऱ्या स्वरूपापेक्षा पीडीएफ वा ओपन-डॉक्युमेंट यांसारखी, आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली स्वरूपे बरी. आणि मराठी-कोंकणी मजकूर युनिकोडमध्येच असावा.

तिसरी कसोटी परतीची. युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने व्यक्तीस आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. आपल्या २०२३ च्या कायद्यात तसा हक्क नाही. सेवेच्या अटीही बदलतात: गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. ज्या घराची आत जाण्याची वाट रुंद आणि बाहेर पडण्याची अरुंद, तेथील आतिथ्याचा मोह आवरावा हे बरे.

वाचकांनी एवढे तरी करावे. वर्षातून एकदा सारी ठेव त्या सेवेतून उतरवून घ्यावी, निराळ्या प्रकारच्या यंत्रावर उघडून पाहावी, आणि एक प्रत घरच्या डिस्कवर जपावी. मागताच परत मिळते, ती ठेव. जी परत मिळत नाही, तिला दान म्हणावे लागेल. आणि पुढील पिढीच्या वस्तूचे दान करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?