आईचे हात, मुलीची वही



घरातली आई दोन दिवस तापाने पडली तर फारसे काही बिघडत नाही. शेजारीण भाकरी-कालवण आणून देते, घरधनी चहा करतो, मुले शहाण्यासारखी वागतात. तिसऱ्या दिवशी आई उठते आणि संसाराचा गाडा पुन्हा चालू लागतो. पण दुखणे दोन दिवसांचे नसून वीस वर्षांचे असेल तर? आणि ते सुरू होताना मांडीवर तान्हे बाळ असेल, थोरली मुलगी चौथीत असेल तर? मग त्या घरात एक प्रश्न उभा राहतो, जो कोणी मोठ्याने विचारत नाही. आईच्या दुखण्याचा भार घरातल्या कोणी किती उचलायचा? हा प्रश्न औषधाचा नाही, न्यायाचा आहे.

या आजाराला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे कोणी आमवात म्हणते, कोणी नुसतेच ‘वात भरलाय’ म्हणते. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच वाट चुकते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पायांचे छोटे सांधे सुजतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर हाडे खराब होतात, बोटे वाकडी होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दुपटी-तिपटीने होतो आणि पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीत, म्हणजे मुले लहान असतानाच होतो. आपल्या सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची पाहणी केली. दर दोनशे माणसांमागे साधारण एकाला हा आजार असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे रविवारी चर्च भरले असेल तर आपल्या बाकांवरही अशी एखादी बहीण बसलेली असू शकते.

या आजाराची सकाळ वाईट असते. उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, बोटे वळत नाहीत, मूठ मिटत नाही. आणि आपल्या घरांतले सगळे काम नेमके त्याच तासात असते. काटवटीत पीठ मळायचे, भाकरी थापायची, हंडा उचलायचा, डब्याचे झाकण घट्ट लावायचे, मुलीच्या वेण्या घालायच्या, धाकट्याच्या शर्टाची बटणे लावायची. ज्वारीच्या भाकरीला तळहात सपाट लागतो आणि मनगटात जोर लागतो. ज्या हाताला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, त्याने भाकरी थापायची तरी कशी? दहा-अकरा वाजता सांधे जरा मोकळे होतात आणि बाई हिंडूफिरू लागते. दुपारी नळावर भेटणाऱ्या शेजारणीला ती धडधाकट दिसते. मग कुजबूज सुरू होते की कामाच्या वेळी बरे हिला दुखते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या माणसांना मदत घेताना लाज वाटली नाही आणि देणाऱ्यांनी पुरावा मागितला नाही. पडलेले घर सर्वांना दिसत होते. सांध्याच्या आतली पडझड कोणाला दिसत नाही, म्हणून तिला रोज नव्याने साक्ष द्यावी लागते. सासूला द्यावी लागते, जावेला द्यावी लागते, कधीकधी नवऱ्यालाही. माझ्या मते सांध्यांच्या दुखण्याइतकेच हे साक्ष देणेही माणसाला थकवते.

यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. गरोदरपणी यांपैकी बऱ्याच जणींचे सांधे आपोआप हलके होतात. अमेरिकेतले डॉ. फिलिप हेंच यांनी १९३८ साली हे नोंदवून ठेवले होते. पण बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्या-महिन्यांत दुखणे बहुधा परत येते. पोटात बाळ असताना सूट मिळते आणि बाळाला उचलून घेण्याची वेळ आली की हात जातात. अशा आईला काय वाटत असेल याचा विचार करा. बाळ रडते आहे आणि तिला ते पाळण्यातून काढता येत नाही. चार वर्षांचा मुलगा धावत येऊन हाताला लोंबकळतो आणि तिच्या तोंडून कण्हणे निघते. मूल दचकून मागे सरते. लहान मुलांना कारण कळले नाही तर ती स्वतःलाच दोषी धरतात. ‘मी मस्ती केली म्हणून आईचे हात दुखतात’ असे मूल मनात ठरवून टाकते आणि कोणाला सांगतही नाही. म्हणून त्याला साध्या शब्दांत खरे सांगितले पाहिजे. हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, तो तुला लागणार नाही, सकाळी हात दुखतात, दुपारी मांडीवर ये. हा कोणाच्या पापाचा दंड आहे असे सुचवणारी मोठी माणसेही असतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारले होते आणि प्रभूने ते साफ नाकारले होते, एवढे त्यांना आठवून द्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरांतून त्याची दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही मला चुकीची वाटतात.

पहिले उत्तर आई स्वतःच देते. ती म्हणते, हा माझा क्रूस आहे, मीच वाहीन. ती दुखणे लपवते, दात-ओठ खाऊन भाकऱ्या करते, गोळ्या संपल्या तरी मुलांच्या फीचे पैसे मोडत नाही. आपण तिला सोशिक म्हणतो, तिचे कौतुक करतो. पण या कौतुकात आपलीही सोय असते, कारण तिने सोसले की आपल्याला उठावे लागत नाही. उपवासकाळात आपण दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतो. पाचव्या स्थानाशी काय घडते? कुरेनेकर शिमोन प्रभूचा क्रूस उचलतो. साक्षात प्रभूनेही तो सगळी वाट एकट्याने वाहिला नाही. मग एका आजारी बाईकडून आपण त्याहून जास्त कसे मागतो?

आणि वेदना कमी करणारे औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे चर्चने कधी शिकवलेले नाही. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना वेदनाशमन योग्य असल्याचे स्पष्ट केले होते. संत आल्फॉन्सस लिगोरी यांचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. ते नीतिशास्त्राचे मोठे पंडित आणि बिशप होते. १७६८ साली सांध्यांच्या आजाराने त्यांची मान कायमची वाकली, हनुवटी छातीला टेकून तिथे जखम झाली. पेय प्यायचे तर नळीने. मिस्सा करणेही बंद पडले असते, पण एका मठाधिपतींनी त्यांना खुर्चीच्या आधाराने कसे बसायचे ते दाखवले आणि वेदीसेवकाच्या मदतीने ते प्याला ओठांपर्यंत नेऊ लागले. वेदीवर दुसऱ्याचा हात घेण्यात त्या संताला कमीपणा वाटला नाही. चुलीपुढे तो आपल्या बहिणींना का वाटावा?

औषधांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. मेथोट्रेक्सेट ही या आजारावरची जुनी, तुलनेने स्वस्त आणि गुणकारी गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबत रक्ताच्या तपासण्या लागतात. बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावे लागते, कारण ती गरोदरपणी चालत नाही. त्या काळात चालणारी दुसरी औषधे आहेत. वर ज्यांचा उल्लेख केला त्या डॉ. हेंच यांनी १९४८ साली एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच औषधाचे दुष्परिणामही लवकरच कळून आले. डॉक्टर ते जपून आणि मोजून देतात. बाजारात ‘वातावर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत मात्र असे स्टिरॉइड चोरून मिसळलेले अनेकदा सापडले आहे. पुडी घेतली की आठ दिवसांत बरे वाटते ते त्यामुळे. सांधेविकाराच्या डॉक्टरसाठी आपल्याकडून सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठावे लागते. एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी जमेस धरली तर पुडी स्वस्त वाटते, हे खरे आहे. म्हणून अशा बाईला नुसते ‘मोठ्या डॉक्टरकडे जा’ असे सांगून भागत नाही. त्या दिवशी तिच्या मुलांना कोण जेवू घालणार, हेही ठरवावे लागते.

दुसरे चुकीचे उत्तर घर देते, तेही काही न बोलता. आईचे काम थोरल्या मुलीच्या अंगावर पडते. कोणी तसे ठरवत नाही. आज तिने भांडी घासली, उद्या पाणी भरले, परवा कणीक मळली, आणि वर्षाअखेर दहा वर्षांची पोर पहाटे पाचला उठून पाच माणसांच्या भाकऱ्या करते आहे. वही दप्तरातच राहते. शाळा एक दिवस बुडते, मग आठवड्यातून दोन दिवस बुडते. तिचा मोठा भाऊ असला तरी तो अंगणात क्रिकेट खेळत असतो. येणारे-जाणारे म्हणतात, पोरगी किती गुणी आहे! आईलाही बरे वाटते आणि त्याच वेळी तिच्या पोटात कालवते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे मुले नेहमीच घरात हात लावत आली आहेत. सोयाबीनच्या काढणीत सगळे घर राबते. मुलांनी आईची सेवा केली तर त्यात वाईट काय? त्यातून मायाच शिकतील ना? या म्हणण्यात तथ्य आहे. धाकट्याची बटणे लावणारी, आईच्या बोटांना तेल चोळणारी मुले पुढे दुसऱ्याचे दुखणे ओळखतात. आईने सगळे लपवून ठेवले तर ही ओळख त्यांना कधी होणारच नाही. मुलांना कामापासून अगदी दूर ठेवावे असे माझे म्हणणे नाही. पण मदत आणि ओझे यांत फरक आहे आणि तो ओळखता येतो. काम झाल्यावर मूल खेळायला जाते का? परीक्षेच्या दिवशी ‘आज नाही जमणार’ असे म्हणायची त्याला मुभा आहे का? आणि तेच काम मुलाच्याही वाट्याला येते का? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर ती त्या मुलीची सेवा नव्हे. आपण तिचे बालपण खर्ची घालून घर चालवतो आहोत.

शिमोन शेतावरून येत होता आणि तो दोन मुलांचा बाप होता, असे संत मार्कने लिहून ठेवले आहे. क्रूस त्याच्या खांद्यावर आला, त्याच्या पोरांच्या नाही.

म्हणून पहिला हात घरधन्याचा हवा. भाकरी पुरुषाला जमत नाही म्हणतात. लग्नात पाचशे माणसांचा भात आणि वरण शिजवणारे आचारी बहुधा पुरुषच असतात, तेव्हा हे म्हणणे मला फारसे पटत नाही. न जमल्यास पिठाची धिरडी करावीत, कुकरमध्ये खिचडी लावावी. भाकरी गोल झालीच पाहिजे असा दंडक देवाने घातलेला नाही. दुसरा हात नातेवाइकांचा आणि आपला, म्हणजे धर्मग्रामाचा. सकाळचा तोच एक तास महत्त्वाचा असतो. शेजारच्या घरातून चार भाकऱ्या जास्त थापल्या गेल्या, कोणी जाता जाता तिच्या मुलीच्या वेण्या घातल्या, तर मुलगी शाळेत वेळेवर पोचते. भेटायला जाऊन तासभर सहानुभूती दाखवणाऱ्यांपेक्षा हंडा भरून ठेवून जाणारी बाई तिला जास्त हवी असते.

इंग्लंडच्या डोरोथी हॉजकिन यांना पहिल्या बाळाच्या जन्मानंतर, १९३८ साली, या आजाराचा तीव्र झटका आला. पुढे त्यांना आणखी दोन मुले झाली, हातांची बोटे वाकडी झाली, तरी पेनिसिलिनच्या आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूंची रचना त्यांनी उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल मिळाले. यंत्राचे बटण दाबता येईना तेव्हा त्याला लांब दांडा बसवून घेतला. हे उदाहरण पुष्कळदा जिद्दीचे म्हणून सांगतात. पण त्यांच्या घरी मुले सांभाळायला पगारी माणसे होती, हे सांगायचे राहून जाते. नुसत्या जिद्दीवर ते झाले असे सांगून आपण आपल्याकडच्या आईला उगाच लाजवू नये.

आईने स्वतः काय करावे? मागायला शिकावे. हे सर्वांत अवघड आहे, कारण आपल्या बायकांना लहानपणापासून द्यायलाच शिकवलेले असते. मागताना नेमके मागावे. ‘जमेल तशी मदत करा’ म्हटले की कोणालाच काही जमत नाही; ‘बुधवारी सकाळी पाणी भरून द्या’ म्हटले की बुधवारी पाणी येते. मुलांसाठी जे हातांनी होत नाही ते बसल्या जागी होऊ शकते. पाढे म्हणून घेणे, गोष्ट सांगणे, शाळेत कोण काय म्हणाले ते ऐकणे. धावपळ करणाऱ्या आयांना एवढी फुरसत सहसा नसते. आणि मिस्सावेळी गुडघे टेकता येत नसतील तर निवांत बसून राहावे. मागच्या बाकावरच्यांनी त्याचा हिशेब ठेवू नये.

आठवड्याच्या गोळीसाठी रविवार ठरवता येईल, तो लक्षात राहायला सोपा. गोळी आईने किंवा बाबांनी डबीतून काढावी. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या चौकोनावर फुली मारायचे काम पाच वर्षांच्या धाकट्याकडे द्यावे. पेन्सिल दोरीने खिळ्याला बांधून ठेवावी, नाहीतर ती सापडत नाही.