दोष कोणाचा, भार कोणाचा?

दादर स्थानकाबाहेरील गर्दीतून मोटारसायकल चालविणे ही संयमाची कसोटीच असते. मध्यंतरी उभ्या बसच्या आडून एक गृहस्थ इकडेतिकडे न पाहताच आमच्यासमोर आले. आम्ही कसाबसा ब्रेक लावला. तोंडून कठोर शब्द निघून गेला. चूक त्यांचीच होती. तरीही आमचे मन स्वस्थ होईना.

ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 11 मीटर अंतर कापते. धोका ध्यानी येऊन ब्रेक दाबेपर्यंतच जवळजवळ तेवढे अंतर सरते. पुढे वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. म्हणजे त्या गृहस्थांच्या बेसावधपणाची शिक्षा किती असावी, हे आमच्या वेगाने ठरविले असते. बेसावधपणा हा दोष खरा. पण त्याला देहदंड असावा काय?

पादचाऱ्याचेही कर्तव्य आहेच. त्याला वाचविताना दुचाकीचे चाक घसरले, तर चालकाच्या जिवावर बेतते. परंतु ज्याच्या हाती वेग, त्याच्यावर भार अधिक. समोरच्याच्या चुकीने तो भार हलका होत नाही.

त्याच दिवशी गाडी उभी करून आम्ही पायी निघालो आणि विचारांच्या तंद्रीत, न पाहताच रस्ता ओलांडला. एका तरुणाने दुचाकी थांबविली. तो काहीच बोलला नाही. वाचकहो, सकाळचा आमचा शब्द तेव्हा आम्हांला आठवला.