कंगव्याचं अर्धं उत्तर

कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेण्याचा प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात, फळ्यावर उत्तर येतं: घर्षणाने केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यावर गेले, कंगवा ऋणप्रभारित झाला. मग पुढचा धडा.

हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. कागदावर मुळात जादा प्रभार नव्हताच, मग तो ओढला का गेला? कंगवा जवळ येताच कागदाच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात आणि अलीकडची बाजू धन होते. अंतर दुप्पट झालं की विद्युतबल एक चतुर्थांश उरतं, हे कूलॉम यांनी १७८५ मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे जवळच्या धन बाजूची ओढ लांबच्या ऋण बाजूवर मात करते. नीट पाहणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट दिसते. चिकटलेला एखादा कपटा थोड्या वेळाने फटकन दूर उडतो, कारण स्पर्शातून कंगव्याचाच प्रभार त्याच्याकडे आलेला असतो. फ्रान्समध्ये शार्ल द्यु फे यांनी १७३३ च्या सुमारास घासलेली काचेची नळी आणि सोन्याचा वर्ख घेऊन हेच पाहिलं. काचेने दूर लोटलेला वर्ख घासलेल्या राळेकडे मात्र धावला, आणि वीज दोन प्रकारची असते हे त्यांनी ओळखलं. एका उडालेल्या वर्खातून एवढं हाती लागलं!

खरी अडचण पुढे आहे. इलेक्ट्रॉन केसांकडून कंगव्याकडेच का जातात?

धातूंपुरतं उत्तर मिळालेलं आहे: इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा प्रत्येक धातूत वेगळी असते, तिच्यावरून दिशा सांगता येते. प्लॅस्टिक, काच, लोकर यांच्या बाबतीत मात्र इलेक्ट्रॉन जातात, आयन जातात की पदार्थाचे सूक्ष्म तुकडेच जातात, यावर आजही वाद आहे. घासावंच लागतं असंही नाही. नुसतं टेकवून उचललं तरी प्रभार येतो.

हे इतकं अवघड का, ते एका हिशेबातून कळतं. हवा दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टपर्यंत टिकते, मग ठिणगी पडते. या मर्यादेत पृष्ठभागावरच्या साधारण लाखभर अणूंमागे जेमतेम एका इलेक्ट्रॉनाची देवघेव झालेली असते. निकाल इतक्या थोड्यांच्या हाती असेल, तर बोटाचा तेलकट डाग किंवा हवेतला ओलावाही तो फिरवू शकतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं की एकाच पृष्ठभागावर धन आणि ऋण असे दोन्ही ठिपके शेजारी-शेजारी असतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये त्याहून चकित करणारी गोष्ट मांडली: एकाच सिलिकोन पदार्थाच्या तुकड्यांपैकी ज्याचा आधी जास्त वेळा स्पर्श झालाय तो ऋण होतो. म्हणजे पदार्थ कोणता एवढंच नव्हे, त्याच्यावर आधी काय घडलंय हेही पाहावं लागतं.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. गडगडाटी ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारेसारखे जड कण एकमेकांवर आपटतात. बहुतेकदा स्फटिक धन होऊन वर जातात, जड कण ऋण होऊन खाली राहतात. दोन्ही बर्फच, तरी प्रभार उलटे. हा प्रभार जमिनीवर कोसळतो तेव्हा मराठवाडा-विदर्भात शिवारात राबणारी माणसं बळी पडतात. देशभरात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक जीव जातात.

म्हणून फळ्यावरचं ते वाक्य खोडू नये, त्याखाली उरलेला प्रश्नही लिहावा. कोकणातल्या शाळेत जुलैत हा प्रयोग बऱ्याचदा फसतो, कारण ओलाव्याच्या पातळ थरातून प्रभार निसटतो. अशा वेळी ‘पुस्तकात बघा’ म्हणण्याऐवजी तोच कंगवा, तेच कपटे डिसेंबरात पुन्हा काढावेत, दोन्ही दिवसांची नोंद मुलांनी वहीत करावी आणि फरक का पडला ते त्यांनाच विचारावं.