सत्यकामाने आधी आईला विचारलं



आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४. सत्यकाम जाबालाची गोष्ट.

सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचंय. तिथे गोत्र विचारतील, म्हणून तो आईला, जबालेला, विचारतो. ती म्हणते, बाळा, मलाच ठाऊक नाही. तरुणपणी मी ठिकठिकाणी सेवाचाकरी करत होते, त्या दिवसांत तू झालास. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम. कोणी विचारलं तर सत्यकाम जाबाल सांग. तो हारिद्रुमत गौतमांकडे जातो आणि हे जसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतात, समिधा घेऊन ये, तू सत्यापासून ढळला नाहीस.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती. पण परवा आपल्या सत्संगातल्या एका मित्राचा फोन आला आणि ती वेगळीच उलगडली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

मित्र पुण्यात नोकरी करतो. गाव बारामती-इंदापूर रस्त्याच्या आसपास. दिवाळीत शेताच्या वाटणीवरून घरात भांडण झालं आणि चुलते रागात बोलून गेले, "तू आमच्या रक्ताचा नाहीसच, आईला विचार तुझ्या." आई काहीच बोलली नाही, आत निघून गेली. वडील माळकरी. ते तेव्हा रानात होते, त्यांना यातलं काही माहीत नाही. तुकोबारायांची पालखी काटेवाडीला आली की मेंढ्यांचं रिंगण दाखवायला लहानपणी त्याला खांद्यावर बसवून नेणारे हेच वडील.

तो म्हणाला, "वडिलांचा टूथब्रश गुपचूप आणून लॅबला देतो. सत्य कळून घेण्यात पाप आहे का रे?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण प्रश्न खरा आहे. आपण रोज सत्याचं नाव घेतो, मग इथे 'जाऊ दे, झाकून ठेव' कसं म्हणायचं? वडिलांकडून येणारे आजार माहीत असावेत, इतका साधा हक्क तरी प्रत्येकाला असतोच. आणि लेकराला नाकारणाऱ्या बापापुढे तर हीच तपासणी आधार होते. नारायण दत्त तिवारींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला न्यायालयाच्या आदेशाने रक्त द्यावं लागलं, २०१२ मध्ये अहवाल आला आणि पुढे २०१४ मध्ये त्यांनी मुलाला मुलगा म्हटलं.

पण मित्राला कोणी नाकारलेलं नाही. ज्यांनी वाढवलं ते अजून त्याची वाट बघतात. म्हणून मी त्याला तीन गोष्टी विचारल्या.

पहिली : हे कळायला हवंय ते कशासाठी? जमिनीसाठी असेल, तर चुलत्यांच्या टोमण्याने वारसा जात नाही. वैध विवाहात जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. नुसता संशय पुरत नाही. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलाच्या डीएनए तपासणीला नकार दिला. आईबापाच्या भांडणात मुलाला पुरावा म्हणून वापरू नका, असा त्याचा रोख होता. पण दुसरी बाजूही लक्षात ठेव. २०१४ मध्ये विदर्भातल्या एका प्रकरणात तपासणी होऊन गेली होती, तेव्हा त्याच न्यायालयाने अहवालच खरा धरला. म्हणजे कागद एकदा हातात आला की तो परत पाकिटात घालता येत नाही.

दुसरी : हे सत्य एकट्या तुझं आहे का? त्यात आईचं तारुण्य आहे, तिचं कदाचित एखादं दुःख आहे, तिच्यावर झालेला एखादा अन्यायही असू शकेल. वडिलांचा देह आहे. त्यांना न विचारता त्यांच्या देहाचा अंश लॅबला देणं ही चोरीच. चोरीने मिळवलेली माहिती खरी असेल, पण तिच्याकडे जाताना आपण सत्यकाम राहत नाही.

तिसरी : 'नाही' असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना काय म्हणून हाक मारशील?

तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आबाच म्हणेन. दुसरं काय म्हणणार?"

मित्रांनो, आजच्या खंडात मला हेच दिसलं. सत्यकामाने गावात चौकशी केली नाही, आईच्या पाठीमागे काही शोधलं नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सरळ विचारलं. तिनेही लाजून खोटं गोत्र सांगितलं नाही. 'माहीत नाही' हे उत्तरही त्याने मान खाली न घालता गुरूपुढे ठेवलं आणि आईचं नाव आयुष्यभर लावलं. (आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव आलं, तेव्हा मला जबालाच आठवली होती.) बाप कोण, हे उपनिषद शेवटपर्यंत सांगत नाही. गौतमांनाही ते विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी चारशे रोडावलेल्या गाई त्याच्या हवाली केल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही म्हणून तो निघाला, आणि त्या गाईंमागे हिंडतानाच त्याला ब्रह्मज्ञान झालं.

म्हणून माझं मत असं : तपासणी करणं पाप नाही, लपून करणं चूक आहे. आधी आई. तेही चारचौघांत नाही, चुलत्यांचा राग मनात ठेवून तर नाहीच. ती बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तर तिच्या गप्प राहण्यालाही मान द्यायचा, आणि 'तू काहीही सांगितलंस तरी मी तुझाच' हे तिला आधी सांगायचं. त्यानंतरही मन शांत होत नसेल, तर वडिलांना विचारून, त्यांच्या होकाराने तपासणी करावी. एवढं विचारायचं धैर्य होत नसेल, तर उत्तर झेलायचं बळही अजून आलेलं नाही असं समजावं.

मित्राचं अजून काही ठरलेलं नाही. टूथब्रशचा विचार मात्र त्याने सोडलाय. रविवारी तो गावी जाणार आहे, आईशी बोलायला. काय होईल मला माहीत नाही.

आजची साधना : जो प्रश्न आपण कोणाच्या तरी पाठीमागे सोडवायला निघालोय, तो आज त्या माणसासमोर बसून विचारायची तयारी करूया. निदान हरिपाठाला बसताना त्या माणसाचं नाव मनात घेऊया.

राम कृष्ण हरी.