न दिसणारी बाजू

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरू लागलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं. आधी शिखर, मग हळूहळू खालचं बांधकाम. धरण पूर्ण झालं १९८० साली. त्याआधी त्या देवळात ज्यांनी हात जोडले, त्यांना नुसतं शिखर पाहून अख्खं देऊळ दिसतं. शेजारी उभ्या नातवाला मात्र पाण्यावर दगडी टोक तेवढं दिसतं. आजोबांना जास्तीचं जे दिसतं, ते दिसतं की कळतं?

न्यायसूत्रांत हा वाद आहे; त्यांवरच्या भाष्यात तो झाडावरून घातलाय. पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायला आधी मांडलेलं विरोधी मत, म्हणतो, डोळ्यांना झाडाचा एकच भाग भिडतो. बाकीचं आपण अनुमानाने जोडतो, तेव्हा प्रत्यक्ष म्हणजे अनुमानच. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. अवयवासोबत अवयवीही, म्हणजे सगळी वस्तूच, दिसते असं ते म्हणतात. बौद्धांनी तर असा वेगळा अवयवीच नाकारला.

बारामतीतल्या किंवा इंदापुरातल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्सचा तास सुरू झाला की हाच वाद ड्रॉइंग शीटवर उतरतो. समोरून, वरून आणि बाजूने पाहिलेली तीन चित्रं. आपल्याकडच्या फर्स्ट अँगल पद्धतीत वरचं दृश्य खाली काढायचं. झाकलेल्या कडा तुटक रेषांनी. त्यावरून ठोकळा उभा करायचा. एखाद्या मुलीला तो पाहताक्षणी दिसतो. तिच्या शेजारचा एकेक कोपरा मोजत तिथेच पोचतो. एक नैयायिक, दुसरा पूर्वपक्षाचा!

ही क्षमता मोजायला १९७०च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठात रोलंड गे यांनी चाचणी बसवली. तिच्यात ३० प्रश्न. एक ठोकळा कसा फिरला ते पाहायचं आणि दुसरा मनातल्या मनात तसाच फिरवायचा. उत्तर बरोबर की चूक एवढंच तिला कळतं. ते पाहून आलं की मोजून, हे गुणांत उतरत नाही.

रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये अशाच मनातल्या फिरवण्याला घड्याळ लावून पाहिलं. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त, तोही अगदी प्रमाणात. जणू मन ठोकळा खरोखरच फिरवत होतं. एका क्षणात दिसणं नव्हे आणि कोरडा तर्कही नव्हे. दोन्ही पक्षांची पंचाईत.

आणि हे फिरवणं शिकता येतं. मिशिगन टेकमध्ये १९९३ साली शेरिल सॉर्बी आणि बेव्हर्ली बार्टमन्स यांनी चाचणीत मागे पडलेल्यांसाठी वेगळा वर्ग घेतला. हाताने रेखाटणं, ठोकळे जोडणं, फिरवून पाहणं. पुन्हा चाचणी घेतल्यावर गुण चांगलेच वाढले. ‘आमच्या डोक्यात हे उपजतच नाही’ म्हणत पहिल्याच सत्रात ड्राफ्टर खाली ठेवणाऱ्यांसाठी ही बातमी मोठी आहे.

पळसदेवला पाणी पार आटलं की लोक मंदिरापर्यंत चालत जातात. तो नातूही जाईल, प्रदक्षिणा घालेल, मागची भिंत हाताने चाचपेल. पुढे पावसाळ्यात पाणी चढलं की त्यालाही टोकाखाली देऊळ दिसू लागेल. त्याला नैयायिक काय म्हणतील आणि बौद्ध काय, हा वाद त्याच्यापुरता पुन्हा सुरू.