जरा फुंकून दाखवा

माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, असे आपल्या सगळ्या संतांनी सांगून ठेवले आहे. पण त्यांच्यापैकी कोणी बँकेत कॅशियर नव्हते. तुकोबांच्या घरी सावकारी होती खरी. पण त्यांनी कर्जखतेच इंद्रायणीत सोडून दिली. तोच प्रयोग मी पाटोद्यात करायचे ठरवले, तर आधी नदीला पाणी येईपर्यंत थांबावे लागेल. आणि पाणी आलेच, तर कागदांच्या आधी माझी नोकरी वाहून जाईल.

बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तिजोरीची किल्ली हातावर ठेवून सांगितले, "ही एकटी चालत नाही. दुसरी माझ्याकडे असते." मला फार लागले. म्हणजे पहिल्याच दिवशी संशय! आठवड्याने डोक्यात प्रकाश पडला, की माझ्या किल्लीशिवाय साहेबांचीही किल्ली चालत नाही. तेव्हापासून आमचे संबंध उत्तम आहेत. आमच्या धंद्यात बापाने दिलेल्या नोटासुद्धा मोजून घेतात आणि बाप रागावत नाही.

बाप रागावत नाही, हे मी जरा घाईने लिहिले. माझे वडील रागावतात.

आमचे अण्णा एका साखर कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होते. आता वय शहात्तर. गेल्या दिवाळीनंतर दिल्लीच्या धाकट्या भावाने आम्हा दोघांची विमानाची तिकिटे काढली. पाटोद्याहून संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो. जामखेड मागे पडले तरी अण्णा गप्पच होते. नगरच्या अलीकडे त्यांनी विचारले,

"इमानाचा डायवर आपल्याला दिसतो का?"

"नाही. तो आत असतो. दार बंद."

"मंग त्यो पेलाय का न्हाई, कसं कळायचं?"

हा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादच्या चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले विमान धावपट्टीपुढच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. आतली 118 माणसे. त्यांतली 55 गेली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पारावर निकाल लागला होता : पायलट पिलेला असणार. एकटे अण्णा म्हणाले होते, "न पिताबी गाडी ठोकती." पुढे चौकशी झाली. तीत दारूचा ठपका नव्हता. विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलल्याचा होता, आणि दुसरा, विमानाच्या वेळेला बीड रोडची वाहतूक थांबवली नाही याचा. म्हणजे दोषात आमचा बीडचा रस्ताही होता. पण पाराला रस्ता कधी पिलेला दिसत नाही, ड्रायव्हरच दिसतो.

विमानतळावर मी ट्रेमध्ये पट्टा, पाकीट, घड्याळ, मोबाईल असे एकेक उतरवून ठेवले आणि दवाखान्यातल्या पेशंटसारखा पँट धरून उभा राहिलो. अण्णा धोतरात असल्याने निर्धास्त होते. पण त्यांच्या कमरेचा चांदीचा करदोडा जवानाच्या यंत्राला आवडला नाही. ते ओरडले. करदोड्याचे निस्तरते तोवर पलीकडे एक्स-रेच्या पडद्यावर अण्णांची चंची अडकली.

"बाबा, ये क्या है?"

अडकित्ता होता. पितळी मुठीचा, आजोबांच्या वेळचा. जवान बिचारा सभ्य होता. असली वस्तू मोठ्या सामानात चालते, हातातल्या सामानात नाही, हे त्याने दोनदा सांगितले. मोठे सामान तर केव्हाच गेले होते.

"म्या काय इमान कातरणार हाय का?" अण्णा म्हणाले.

मी त्यांना हलक्या आवाजात इतिहास सांगू लागलो. डिसेंबर 1978 मध्ये दोघांनी इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून वाराणसीला उतरवले होते, ते खेळण्यातले पिस्तूल आणि एक क्रिकेटचा चेंडू यांच्या जोरावर. (इंदिराबाईंना सोडा, ही मागणी होती. दोघे पुढे उत्तर प्रदेशात आमदार झाले.) जिथे चेंडूने भागते, तिथे अडकित्ता म्हणजे तोफखानाच. पण अण्णांचे लक्ष नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले होते, ते मी एकदाच पाहिले होते. 1989 साली.

मी तेव्हा तिसरीत होतो. सुट्टी म्हणून अण्णांच्या बसमध्ये त्यांच्या मागच्याच सीटवर बसलो होतो. कारखान्याच्या गेटवर एका साहेबांनी गाडी थांबवली. कोणीतरी कागाळी केली होती. साहेबांनी अण्णांना खाली उतरवले आणि साठ माणसांदेखत म्हणाले, "तोंड उघड." मग नाक पुढे करून वास घेतला. अण्णांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. माळकरी माणूस. पण मळीच्या टाक्यांशेजारी गाडी उभी करणाऱ्याच्या कपड्यांना कसला वास येणार? गुलाबाचा? त्या कारखान्यात आंब्याच्या झाडालासुद्धा तोच वास यायचा. साहेबांनी दुसऱ्यांदा वास घेतला आणि "हं, जा" म्हणाले. शिक्षा नाही, मेमो नाही, काही नाही. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. साहेबांचे तोंड कोणी हुंगले नव्हते.

तर प्रश्न असा, की तपासणी म्हणजे अपमान काय? मी त्यावर बराच विचार केला आहे. (काउंटरवर 'लिंक नाही' अशी पाटी लागली, की विचाराला भरपूर वेळ मिळतो.) विश्वास ठेवून सगळे भागते असे मानावे, तर 13 जानेवारी 1977 ची गोष्ट आड येते. अलास्कातल्या अँकरेजहून एक मालवाहू विमान गाईगुरे घेऊन टोकियोला निघाले. कॅप्टन झिंगलेला होता. ज्या टॅक्सीतून तो आला, तिच्या ड्रायव्हरला ते दिसले, त्याने आपल्या ऑफिसात सांगितलेही. सोबतच्या दोघांनी मात्र त्याला अडवले नाही. विमान उडताच पडले. पाचही माणसे आणि सगळी जनावरे गेली. आपल्याकडे म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. ती बहीण विमानात बसली की असे होते. वरिष्ठाला "साहेब, जरा तोंड उघडा" असे म्हणणारा कनिष्ठ अजून जन्मायचा आहे.

यंत्राला भीड नसते, हा त्याचा मोठा गुण. आपल्याकडे वैमानिकाने ड्युटीआधी बारा तास दारूला शिवायचे नाही, आणि उड्डाणापूर्वी यंत्रात फुंकर मारायची. आकडा शून्यच हवा. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन जप्त, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा कायमचे. नोव्हेंबर 2018 मध्ये दिल्लीहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एक कॅप्टन या फुंकरीत नापास झाले. ते साधे कॅप्टन नव्हते. कंपनीच्या सगळ्या उड्डाणांचे प्रमुख संचालक होते. यंत्राने हुद्दा विचारला नाही. दुसरी वेळ म्हणून लायसन तीन वर्षांसाठी गेले. एखाद्या क्लार्कला त्यांची फुंकर तोंडाने मागायला लावले असते, तर तो क्लार्कच तीन वर्षे रजेवर गेला असता.

आणि याच विमानतळांवर, ज्यांना झडती माफ आहे अशांची यादीही असते : राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री आणि इतर थोर मंडळी. माजी राष्ट्रपतीही तीत येतात. तरी एप्रिल 2009 मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या माणसांनी डॉ. कलामांची झडती घेतली. पुढे संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. देशाचा अपमान झाला, असे सर्वांनी सांगितले. ज्यांची झडती झाली, त्यांनी मात्र तक्रार केली नव्हती. मला वाटते, त्या गृहस्थांना दोन किल्ल्यांची तिजोरी कळत होती.

मी हे सगळे मनात जुळवीत असताना अण्णांनी माझा दंड धरला. शेजारच्या रांगेत खांद्यावर चार पट्ट्यांचा कॅप्टन उभा होता. त्याने टोपी ट्रेमध्ये ठेवली, पट्टा सोडला, हात पसरले. जवानाने त्याला माझ्याइतकेच खालपासून वरपर्यंत चाचपले.

"ह्यो कोण?"

"पायलट, अण्णा. विमानाचा ड्रायव्हर."

"आन् त्यालाबी?"

"त्यालाही."

यात गंमत आहे, हे मी कबूल करतो. ज्याच्या हाती सबंध विमान द्यायचे, त्याचे नेलकटर तपासायचे. आणि त्याच्या केबिनमध्ये अडीअडचणीसाठी कुऱ्हाड ठेवलेलीच असते. पण गणवेश कोणताही शिंपी शिवून देतो. आत कोण आहे, ते पाहावेच लागते.

"आन् दारूचं?" अण्णांनी विचारले.

"यंत्रात फुंकावं लागतं."

"कुणी कागाळी केली म्हंजे?"

"नाही. कागाळी नसली तरी. ड्युटीवर चढायच्या आधी, रोज."

"समद्यांना?"

"समद्यांना. मोठ्या साहेबालासुद्धा."

अण्णा कॅप्टनकडे पाहत राहिले. तो पट्टा आवळत, टोपी घालत, कुणावर न रागावता चालता झाला. मग अण्णांनी चंचीतून अडकित्ता काढला, मुठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि जवानाच्या हातात दिला. "घे बाबा," म्हणाले, "समद्यांचंच ठेवून घेत असशील, तर मपलाबी ठेव." जवानाला मराठी येत नसावे. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

विमान उडाले. अण्णांनी खिडकीतून एकदा खाली पाहिले आणि एकदा पुढच्या बंद दाराकडे. चंचीतून अख्खी सुपारी काढून तळहातावर फिरवत बसले. ती फोडायला ना अडकित्ता, ना दात. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"आपल्या कारखान्यावर तवा ते यंत्र पायजे व्हतं."

"कशाला अण्णा? तुम्ही तर घेतच नव्हता."

"म्हणून तर." त्यांनी सुपारी पुन्हा चंचीत टाकली. "म्या फुंकलं असतं. आन् मंग म्हणलं असतं : आता साहेब, तुम्ही."